एक बरगडी वर

"श्वास बाहेर सोडा आणि थांबा," मी सांगितलं. पेशंटने छाती भरून श्वास आत घेतला आणि थांबला. स्क्रीनवरचं हृदय दिसेनासं झालं.

इको म्हणजे आवाजाच्या लहरींनी काढलेलं हृदयाचं चित्र. या लहरी हवेतून नीट जात नाहीत. फुप्फुसात हवा भरली की ते हृदयाच्या पुढे येतं आणि चित्रावर पांढरा पडदा पडतो. म्हणून आम्हाला श्वास सोडून थांबलेला माणूस लागतो. हा माणूस दर वेळी उलटंच करत होता.

त्यांचं नाव दिगंबर भाऊ. शेंदूरजनाघाटला संत्र्याचे क्रेट ट्रकवर चढवणारी एक टोळी आहे, तिचे ते मुकादम. मुकादम असूनही स्वतः क्रेट उचलणारे. त्यामुळेच असेल, जांघेत हर्निया झाला होता. दुसऱ्या दिवशी अमरावतीतच एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं. बीपी थोडं जास्त लागलं म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी हृदयाचा फिटनेस मागितला आणि ते आमच्याकडे आले.

"मॅडम, वजन उचलाच्या टायमाले आमी असाच दम भरतो," ते म्हणाले. "दम सोडून कोणी थांबते काय?"

दाराजवळ त्यांच्या पत्नी, वंदनाबाई, पिशवी धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमी इथं क्रेट उचलाले आले काय? ते सांगून राहिली तसं करा ना."

मी बी.एस्सी. कार्डियाक टेक्नॉलॉजी केलं होतं आणि त्या वेळी या क्लिनिकमध्ये इंटर्नशिप करत होते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दवाखान्यात पुस्तकातल्यासारखं बोलायचं असतं, अशी माझी समजूत होती. ती मला कोणी सांगितली नव्हती, मीच करून घेतली होती. त्या दिवशी बाहेर लाइन मोठी होती आणि माझा हात दुखायला लागला होता. मी घरी बोलते तसं बोलले.

"भाऊ, क्रेट खाली ठेवल्यावर कसा दम सोडता? तसा सगळा सोडून द्या अन् मंग थांबा."

त्यांनी बरोबर तसंच केलं. चित्र एकदम स्वच्छ आलं. मग त्यांनी कुशीवर पडल्या पडल्या विचारलं, कोण्या गावची हाय तू? मी अकोटजवळच्या माझ्या गावाचं नाव सांगितलं. तिथून पुढे मॅडम गेलं आणि मी पोरी झाले.

फिटनेसचा इको हा आमच्याकडे लवकर उरकायचा प्रकार असतो. हृदय किती जोराने आकुंचन पावतं, भिंती सगळ्या हलतात का, एखादी झडप खूप गळते का, एवढं पाहायचं. भूल सोसेल की नाही, हाच प्रश्न असतो. सगळं ठीक दिसलं तर पुढचा पेशंट. दिगंबर भाऊंचं हृदय जोरदार होतं. मी शेवटच्या चित्राकडे आले.

हृदयातून शुद्ध रक्त बाहेर पडतं त्या दाराशी एक झडप असते. तिला एओर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात. तिच्यापुढे शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी सुरू होते, ती एओर्टा, म्हणजे महाधमनी. या झडपेला तीन पाकळ्या असतात. समोरून आडवा छेद घेतला की बंद झडपेत तीन रेषा मध्यभागी मिळालेल्या दिसतात. मी चित्र थांबवलं. तीन रेषा होत्या. मी कलर लावला. कलर म्हणजे रक्त कोणत्या दिशेने वाहतं ते मशीन रंगात दाखवतं. झडप बंद झाल्यावर थोडं रक्त मागे येताना दिसलं. अशी बारीक गळती पुष्कळांना असते. पण ती सहसा मधून येते. ही एका बाजूने, तिरपी येत होती.

आधीच्या आठवड्यात मी असंच काहीतरी दिसलं म्हणून सगळ्यांना बोलावलं होतं आणि ती मशीनची सावली निघाली होती. कोणी रागावलं नव्हतं. फक्त नंतर दोन दिवस चहाच्या वेळी मला विचारत होते, आज काही सापडलं का? म्हणून मी आधी नीलेश दादांना हळूच हाक मारली. ते आमचे सीनियर टेक्निशियन. त्यांना लाइन दिसत होती आणि घड्याळही.

"तीन रेषा आहेत ना?" ते म्हणाले.

"बंद असताना आहेत, दादा."

"मग?"

"उघडी असताना मी पाहिलंच नाही."

नीलेश दादांनी मशीनवरचा बॉल फिरवून एकेक फ्रेम पुढे नेली. झडप उघडण्याचा क्षण फार थोडा असतो. तो हातात येईपर्यंत त्यांना दोनदा मागेपुढे करावं लागलं. तीन पाकळ्यांची झडप उघडली की त्रिकोणासारखी जागा दिसते. इथे माशाच्या तोंडासारखी लांबट फट उघडली. तीनपैकी दोनच रेषा उघडत होत्या. तिसरी नुसती शिवण होती. दोन पाकळ्या जन्मापासून एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्या जोडावर उरलेली ती खूण. बंद झडपेत ती तिसऱ्या पाकळीची कड असल्यासारखी दिसते.

"बायकस्पिड," दादा हळू आवाजात म्हणाले. बायकस्पिड म्हणजे दोन पाकळ्यांची झडप. पुष्कळ माणसं अशी झडप घेऊन जन्माला येतात आणि कित्येकांना ते आयुष्यभर कळतही नाही.

अशी झडप दिसली की पुढची रक्तवाहिनी मोजायची, हे आम्हाला शिकवलेलं असतं. दादांनी झडपेच्या लगेच वर, एओर्टाच्या मुळाशी माप घेतलं. माप नॉर्मल आलं. मला सुटल्यासारखं वाटलं. सापडलंही होतं आणि फार वाईटही नव्हतं. मी त्यांच्या छातीवरचं जेल पुसायला कागद घेतला. तेवढ्यात गावंडे सर आत आले. ते आमचे कार्डिओलॉजिस्ट. दादांनी त्यांना सांगितलं, बायकस्पिड आहे, रूट, म्हणजे मूळ, नॉर्मल आहे.

सरांनी मला विचारलं, "वर गेली होती का?"

मला कळलं नाही.

"एक बरगडी वर," ते म्हणाले आणि उभ्या उभ्याच प्रोब, म्हणजे छातीवर फिरवायचं उपकरण, हातात घेतला. तो त्यांनी छातीवर एक बरगडी वर सरकवला, थोडा तिरका केला. "भाऊ, दम सोडा." दिगंबर भाऊंनी सोडला. स्क्रीनवर एओर्टाचा वर चढत जाणारा भाग आला. मुळाशी ठीक असलेली नळी वर जाऊन फुगली होती. सरांनी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत रेघ ओढली. चार पूर्णांक सात सेंटिमीटर. या भागात मोठ्या माणसाचं माप साडेतीनच्या आतबाहेर असतं. सरांनी पुन्हा मोजलं. तेवढंच आलं.

नेहमीच्या ठिकाणाहून हा भाग दिसत नाही. तो पाहायला मुद्दाम वर जावं लागतं. फिटनेसच्या इकोत आमच्याकडे वर कोणी जात नसे.

सर स्टूल ओढून बसले आणि त्यांनी सरळ सांगितलं. हृदय चांगलं आहे, पण झडपेची घडण जन्मापासून वेगळी आहे आणि तिच्यापुढची मोठी नस फुगली आहे. आज फिटनेस देता येणार नाही. आधी बीपी खाली आणायचं, नसेचा सीटी स्कॅन करायचा, मग हर्नियाचं बघू. आणि वजन उचलणं आजपासून बंद.

दिगंबर भाऊ उठून बसले. शर्टाची बटणं लावता लावता म्हणाले, "मले तं काहीच होत नाई. ना दम लागत, ना छाती दुखत."

"होत नाही, म्हणूनच कळत नाही," सर म्हणाले.

"माया बाप म्हातारा होऊन गेला, त्याले कधी इको नाई लागला. आता संत्र्याच्या गाड्या लागतीन. पोट्टे माया तोंडाकडे पाहून काम करतात. मी खाली उभा राहून हात दाखवू काय त्याईले?"

सर म्हणाले, हात दाखवा, पण उचलू नका. त्यावर भाऊंनी वंदनाबाईंकडे पाहून विचारलं, हे डॉक्टर लोक कधी क्रेट उचलून पाहतात काय? एका दिवसात मानसाचं काम बंद करते म्हंते. मग ते बाहेर गेले.

सरांचा फोन वाजला. पलीकडे हर्नियाचे सर्जन होते. त्यांचं म्हणणं थोडं चिडकं होतं, साधा हर्निया आहे, ऑपरेशन थिएटरची वेळ बांधली आहे, फिटनेस का अडला. सरांनी शांतपणे माप सांगितलं. मग सर्जन म्हणाले, वेळ मी सोडतो, तुम्ही तुमचं करून घ्या.

नीलेश दादा मला म्हणाले, तो माणूस आता बसस्टँडवर जाईल आणि गावाकडची, वरूडची गाडी धरेल. पुढचा पेशंट टेबलावर आला होता. पण वंदनाबाई अजून दाराशीच होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"पोरी, खरं सांग. लयच हाय काय?"

आमचा नियम आहे की टेक्निशियनने पेशंटला निदान सांगायचं नाही. तो नियम बरोबर आहे. चुकीचं सांगितलं तर निस्तरायला डॉक्टरच लागतात. मी इंटर्न. मी म्हटलं, "काकू, सर बोलले ते खरं हाय. अन् मी आजवर पाहिलेल्यात एवढी मोठी नस मले दिसली नाई. भाऊले थांबवा, मी सरले विचारते."

हा पुढचा भाग मला आजही थोडा धिटाईचा वाटतो. मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं की त्या पेशंटला त्याचंच चित्र हलताना दाखवू का. कारण त्यांनी फक्त आमची तोंडं पाहिली होती, स्क्रीन पाहिलीच नव्हती. टेबलावर पडलेल्या माणसाची पाठ मशीनकडे असते. सर म्हणाले, दाखव, पण बोलेन मी.

दिगंबर भाऊ खाली चहाच्या टपरीवर सापडले. ते वर आले ते वंदनाबाईंमुळे. मी मशीनमध्ये आधी एका निरोगी माणसाची झडप लावली, नाव झाकून. झडप उघडायची आणि रंगीत धार सरळ मधून वर जायची. मग त्यांची लावली. फट उघडायची आणि धार वाकडी होऊन एका भिंतीवर जाऊन आपटायची. दर ठोक्याला, त्याच जागी.

ते पुढे वाकून पाहत राहिले. मग त्यांनी बोट लावलं. "हे पानी त्या भितीवरच जाते."

"रक्त आहे," सर म्हणाले. "पण हो."

"बगीच्यात वळणावर काया पाइप राह्यते. मोटरचं पानी तिथंच मारते, मंग पाइप तिथंच फुगते. तसं हाय काय हे?"

सर म्हणाले, अर्धं तसं आहे. झडप वाकडी उघडते म्हणून धार भिंतीवर घासते, हे एक. पण अशा माणसांच्या नसेची भिंतच मुळात थोडी कमजोर असते. झडप आणि त्या नसेची सुरुवात पोटातल्या बाळात एकाच वेळी घडते, त्यामुळे एकीत फरक असला तर दुसरीतही असू शकतो. कोणाचं मूळ फुगतं, कोणाचा वरचा भाग फुगतो, कोणाचं काहीच फुगत नाही. दोन कारणांपैकी कुणाचा वाटा किती, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही.

"म्हंजे धारही वाकडी अन् पाइपही पातय," दिगंबर भाऊ म्हणाले.

"हो. आणि त्यात तुम्ही दम भरून, पोट आवळून वजन उचलता. त्या वेळी आतलं प्रेशर एकदम वर जातं. असं रोज शंभरदा होतं. भिंत आतून फाटली, तर इथून नागपूरला पोचेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही."

वंदनाबाईंनी पदर तोंडाला लावला. भाऊ स्क्रीनकडेच पाहत होते. मशीनवर तो तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता, मी तो बंद करायला विसरले होते.

"अन् आमच्या पोट्टेयले?" त्यांनी विचारलं. स्वतःबद्दल त्यांनी इतका वेळ एकही प्रश्न विचारला नव्हता.

सरांनी सांगितलं की हे काही घरांत चालत येतं, म्हणून मुलांचा आणि सख्ख्या भावाबहिणींचा एकदा इको करून घ्यायचा. भाऊंनी मान हलवली. सीटी कुठं होते ते विचारलं. दादांनी पत्ता सांगितला, आणि ते दोघं रिक्षा करून तिकडे गेले.

सीटीमध्ये माप जवळपास तेच आलं. सर नागपूरच्या हार्ट सर्जनशी बोलले. एवढ्यावर लगेच ऑपरेशन करत नाहीत. ते मोठं असतं, छाती उघडून नसेचा तुकडा बदलायचा असतो आणि त्याचा स्वतःचा धोका असतो. नस आणखी वाढली, किंवा भराभर वाढायला लागली, तर करतात. तोपर्यंत बीपीच्या गोळ्या, वजन बंद आणि ठरावीक काळाने माप. बीपी आटोक्यात आल्यावर हर्निया काढला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आता सगळं माहीत होतं, त्यांनी त्या तयारीने भूल दिली. काही अडलं नाही.

टाके काढून झाल्यावर दिगंबर भाऊ त्यांच्या धाकट्या भावाला घेऊन आले. तो अकोल्याला वेल्डिंगचं दुकान चालवतो. त्याला स्वतःला काही यायचं नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं.

"याले धरून आणलं," दिगंबर भाऊ म्हणाले. "मले म्हंते, तुयी झडप वाकडी हाय तं माया काय संबंध."

"दादा, मी क्रेट उचलतो काय? मी तं वेल्डिंगची कांडी उचलतो," तो धाकटा टेबलावर चढता चढता म्हणाला.

या वेळी मी झडप उघडी असताना थांबवली. त्यालाही दोनच पाकळ्या होत्या. मग मी न सांगता वर गेले. नस नॉर्मल होती. मी सरांना बोलावलं, त्यांनी पुन्हा पाहिलं, हो म्हणाले. त्याला काही वर्षांनी परत यायला सांगितलं. जाताना त्याने मोठ्या भावाची पिशवी स्वतःच्या हातात घेतली. दिगंबर भाऊंची मुलगी आणि मुलगा, दोघांचेही इको सुट्टीत झाले. दोघांना तीन पाकळ्या आहेत. उघड्या झडपेत मोजल्या आहेत.

काम मात्र गेलं. मुकादमी राहिली, पण उचलणारा मुकादम आणि उभा राहणारा मुकादम यांत गावात फरक करतात. ते आता फळ निवडायच्या जागी असतात, लहानमोठं वेगळं करणाऱ्या बायांबरोबर. सरांनी एकदा विचारलं, जमतं का? ते म्हणाले, "पोट्टे हासतात. हासू द्या." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पयल्या दिवशी तं मी सवयीनं एक क्रेट धरलाच होता. बायकोनं सगळ्याईसमोर वरडून सोडाले लावला."

सहा महिन्यांनी ते पुन्हा माप घ्यायला आले. तेव्हा माझी इंटर्नशिप संपत आली होती. सरांनी मला प्रोब दिला आणि स्वतः मागे उभे राहिले. मी मोजलं. चार पूर्णांक सात. पुन्हा मोजलं, सरांनी मोजलं, तेवढंच.

"कमी नाई झाली?" भाऊंनी विचारलं.

"कमी होत नाही," सर म्हणाले. "वाढली नाही."

"म्हंजे चांगलं?"

"सध्या यापेक्षा चांगलं नसतं."

भाऊंनी थोडा विचार केला आणि शर्ट घातला. पुढच्या वेळी सकाळची गाडी धरून येतो म्हणाले, म्हणजे लाइन लागत नाही.

आमच्याकडे आता फिटनेसच्या इकोतही झडप उघडी असताना पाहतात आणि दोन पाकळ्या दिसल्या तर मुळाशी न थांबता वर जातात. हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. आमच्या पुस्तकात ते आधीपासून आहे. तिसऱ्या वर्षाच्या पेपरात यावर प्रश्न आला होता आणि मला त्यात पूर्ण मार्क मिळाले होते.